उत्तर पुसू नका

धायरीची शाळा, सातवी ब, तिसरा तास.
पंखा एवढाच फिरतो
की खडूची पूड उडते आणि परत आमच्याच अंगावर बसते.
फळ्यावर मी लिहिलं :
एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत.
दोन्ही एकदम सोडले तर?

सिद्धेश खुडेचा हात प्रश्नाच्या आधीच वर होता.
"पाच, बाई. सहा नि चार दहा, भागिले दोन."

अठरा वर्षं मी अशा वेळी "चूक, बस खाली" म्हटलंय.
किती मुलं खाली बसली असतील,
काही तर अजून उठली नसतील.
आता मी काहीच म्हणत नाही.
पाच लिहिते, ठळक,
आणि मनात सातपर्यंत आकडे मोजते.

सात आकडे म्हणजे फार असतात.
तेवढ्यात स्वारगेटची बस थांबते नि सुटते,
कुणाचा तरी कंपास पडतो,
मैदानावर शिट्टी वाजते,
आणि हुशार मुलं माझा चेहरा वाचायला बघतात,
भुवई हलतेय का, ओठ हलतोय का.
चेहरा कोरा ठेवणं
मला डीएडला कुणी शिकवलं नव्हतं.

पाचव्या आकड्याला मागून तेजल रणपिसे पुटपुटली,
"एकटा होता तेव्हा चारात भरत होता ना?
मग मदतीला दुसरा आला नि उशीर झाला?"
"माझा भाऊ आला की असंच होतं," कुणीतरी म्हणालं.
वर्ग हसला. सिद्धेशही हसला,
मग हसता हसता थांबला,
आणि ते थांबणं मी बघितलं.

"पुसू, बाई?"
"नको. राहू दे. ते कुठून आलं ते बघू."

तेजलनं हौद काढला, वाकडाच, त्याचे बारा भाग केले.
पहिला नळ तासाला तीन भाग भरतो, दुसरा दोन.
"म्हणजे पाच!" सिद्धेश ओरडला.
पाच तिथंच होता.
फक्त तास नव्हता तो, भाग होता.
बारा भागिले पाच,
दोन तास चोवीस मिनिटं.
घंटेला अजून दहा मिनिटं होती
आणि मला वाटलं, झालं.

तेव्हा निलोफर आतार उठली.
वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता.
"बाई, दोन्ही नळांना एकाच वेळी पाणी येतं?
आमच्याकडे खालच्या आळीत नळ सुटले
की आमच्या टोकाला धार करंगळीएवढी होते.
मग तीन भाग तीनच कसे राहतील?"

मी आकडे मोजायला लागले.
हे माझ्यासाठी होते. अकरापर्यंत गेले.
पुस्तकाच्या मागच्या पानावर याचं उत्तर नाही.
कोपऱ्यात तिचा प्रश्न लिहिला, खाली तिचं नाव,
आणि खरं तेच सांगितलं :
मला माहीत नाही.
निलोफर बसली नाही लगेच.
जरा वेळ तशीच उभी राहिली,
जणू उभं राहायची जागा तिला आत्ता सापडली होती.

सुट्टीत केंद्रप्रमुख आले. किती धडे राहिले, विचारलं.
साडेतीन, म्हटलं.
त्यांनी फळ्याकडे पाहिलं,
वाकडा हौद, खोडलेला नाही असा पाच,
वहीत काहीतरी टिपलं.
काय टिपलं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी पाणी आलं, सव्वासात वाजता.
तिसऱ्या मजल्यावर मी मोरीत घड्याळ घेऊन उभी.
बादली : तीन मिनिटं वीस सेकंद.
दुसरी लावली. खाली पटवर्धनांनी नळ सोडला असावा,
धार सुतासारखी झाली.
पाच मिनिटं झाली तरी अर्धीसुद्धा नाही.
दुधाच्या बिलामागं मी दोन्ही आकडे लिहिले.

उद्या वर्गात बादली न्यायचीय.